ज्युलियाबाईंचं काचघर

गेल्या दिवाळीत लेक पुण्याहून आली, ती माझ्यासाठी तिचा जुना कॅमेरा घेऊन. तिनं स्वतःला नवा घेतला होता आणि जुन्याला कुणी धड किंमत देईना. मी आधी नाहीच म्हटलं. फोनमध्ये कॅमेरा असताना हे धोंडं गळ्यात कशाला अडकवायचं? आणि अठ्ठेचाळीस वर्षं पूर्ण झालेल्या बाईनं आता नवीन काय शिकायचं? पण लेकीनं ऐकलं नाही. फराळाचे डबे भरून घेतले, कॅमेरा कपाटात ठेवला आणि ती गेली.

महिनाभर तो तिथंच होता. मग एका दुपारी सासूबाई अंगणात वाती वळत बसलेल्या दिसल्या. ऊन उतरलं होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर छान उजेड पडला होता. मला माझी आई आठवली. ती गेली तेव्हा तिचा एकटीचा असा एकही फोटो घरात सापडला नव्हता. शेवटी एका लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून तिचा नखाएवढा चेहरा कापून मोठा करून घेतला. तसबीर झाली, पण जवळ जाऊन पाहिलं की नुसते ठिपके दिसतात. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. म्हटलं, ही चूक पुन्हा नको.

आधी फोननं काढला. फोटो अगदी स्वच्छ आला. सासूबाई स्वच्छ, मागची प्लास्टिकची टाकी स्वच्छ, दोरीवरचे टॉवेल स्वच्छ, शेजाऱ्यांच्या गच्चीवरची डिशसुद्धा स्वच्छ! एवढ्या गर्दीत सासूबाई कुठंतरी हरवूनच गेल्या. मग कॅमेरा काढला. लेकीनं शिकवलं होतं तसं बटण दाबलं आणि जे दिसलं ते पाहून माझा जीव खट्टू झाला. सासूबाईंचा चेहरा आणि हात तेवढे नीट, बाकी सगळं धूसर. टाकीचा नुसता काळा गोळा, टॉवेलांचे रंगांचे पट्टे. आमच्या ह्यांनी तर विचारलंच, की अंगण कुठं गेलं?

रात्री लेकीला फोन लावला. ती हसायलाच लागली. म्हणाली की बिघडलेलं काही नाही, या कॅमेऱ्याचा सेन्सर मोठा आहे म्हणून असं दिसतं. आणि एका बाईंबद्दल वाच म्हणाली. त्यांनाही अठ्ठेचाळीसाव्या वर्षी मुलीनंच कॅमेरा दिला होता आणि त्यांचेही फोटो बिघडलेत असं सगळं जग म्हणत होतं.

मैत्रिणींनो, त्या बाईंचं नाव ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. आडनावात कॅमेरा असल्यासारखं वाटतं ना? तो निव्वळ योगायोग. मिळेल ते वाचत गेले आणि बाई मला आपल्या आळीतल्याच वाटायला लागल्या. म्हणून आज त्यांची गोष्ट सांगते.

ज्युलियाबाईंचा जन्म कोलकात्याचा, ११ जून १८१५ चा. वडील जेम्स पॅटल ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते, आई फ्रेंच घराण्यातली. सात बहिणी, आणि त्यांच्या रूपाची चर्चा अख्ख्या कोलकात्यात. ज्युलियाबाई मात्र त्या रूपवतींमध्ये धरल्या जात नसत. आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत थोरल्या-धाकटीची तुलना होते, तसलाच प्रकार. शिक्षण फ्रान्सला आजीकडे झालं आणि मोठेपणी त्या परत कोलकात्याला आल्या.

मध्ये आजारपण निघालं म्हणून हवापालटासाठी आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला गेल्या. तिथं दोन माणसं भेटली आणि दोघंही जन्मभरासाठी जोडली गेली. एक म्हणजे खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल. कागदावर उमटलेलं चित्र उजेडानं पुन्हा पुसलं जाऊ नये म्हणून हायपो नावाचं रसायन वापरता येतं, ही युक्ती त्यांचीच. फोटोग्राफीची पहिली खबर ज्युलियाबाईंना त्यांच्याच पत्रांतून कळली. दुसरे चार्ल्स हे कॅमेरॉन, वयानं वीस वर्षांनी मोठे असलेले कायदेपंडित. १८३८ साली कोलकात्यात त्यांचं लग्न झालं. मेकॉले यांच्याबरोबर भारतीय दंडविधानाचा मसुदा करणाऱ्या मंडळींत हे चार्ल्ससाहेब होते. तो कायदा १८६० मध्ये मंजूर झाला आणि थेट १ जुलै २०२४ ला त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. म्हणजे बघा, ज्युलियाबाईंच्या यजमानांच्या हातचं काम आपल्याला परवापरवापर्यंत लागू होतं!

१८४८ मध्ये साहेब निवृत्त झाले आणि बिऱ्हाड इंग्लंडला गेलं. पोटची सहा मुलं, शिवाय सांभाळलेली परकी पोरं, पाहुण्यांचा राबता आणि हातात पैसा कमी. १८६० मध्ये त्यांनी आइल ऑफ वाइट नावाच्या बेटावर फ्रेशवॉटर गावात घर घेतलं. कवी टेनिसन तिथले शेजारी. सिलोनमध्ये, म्हणजे आताच्या श्रीलंकेत, कॅमेरॉन कुटुंबाचे कॉफीचे मळे होते. त्यातल्या एका मळ्याच्या नावावरून घराला डिंबोला नाव दिलं.

मुलं मोठी झाली, पांगली. मुलीचं लग्न झालं. यजमान मळे बघायला सिलोनला गेलेले. एवढ्या गोतावळ्यात वावरलेली बाई घरात एकटी पडली. १८६३ च्या डिसेंबरात मुलीनं आणि जावयानं त्यांना लाकडी कॅमेरा भेट दिला. उद्देश एवढाच, की आईचा एकटेपणात वेळ जावा. विणकामाच्या सुया द्याव्यात तसा दिलेला कॅमेरा तो.

पण बाईंनी तो वेळ घालवायला वापरलाच नाही. कोंबड्यांचं खुराडं रिकामं केलं आणि त्याचं काचघर बनवलं. तोच त्यांचा स्टुडिओ. कोळसे ठेवायच्या खोलीची डार्करूम झाली. सोडून दिलेल्या कोंबड्या कुणी खाल्ल्या नसतील अशी आशा त्यांनी पुढे आठवणींत नोंदवून ठेवली आहे.

तेव्हाचं फोटो काढणं म्हणजे सोवळ्यातला स्वयंपाकच म्हणा ना. रीळ नव्हतं. काचेची पाटी घ्यायची, तिच्यावर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण एकसारखं पसरायचं, डोशाचं पीठ तव्यावर फिरवतो तसं. मग अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धावत जाऊन धुवायची. सगळं मिळून जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. पाटी वाळली की काम फुकट. बाईंचा पहिलाच फोटो गावातल्या एका शेतकऱ्याचा. बसण्याबद्दल त्याला तासाचे पैसे देऊ केले होते. तो फोटो त्यांच्याच हाताचा पंजा ओल्या बाजूवर घासून पुसला गेला. मग जानेवारी १८६४ मध्ये अ‍ॅनी नावाच्या लहान मुलीचा फोटो नीट उमटला. तो पहिला जमलेला. आनंदानं बाई घरभर फिरल्या आणि त्या पोरीला द्यायला भेटवस्तू शोधत राहिल्या.

ओल्या पाट्या घेऊन त्या यजमानांना दाखवायला थेट जेवणघरात धावत. सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग टेबलावरच्या चादरींवर पडत आणि ते काही केल्या निघत नसत. हात काळे, कपडे काळे, घरातल्या चांगल्या चादरी वाया. इतका समजूतदार नवरा नसता तर आपल्याला घराबाहेर काढलं असतं, असं त्यांनी स्वतःच कबूल केलंय. हळदीचा डाग पडला तरी आपल्याला दोन दिवस ऐकून घ्यावं लागतं, तिथं हे कौतुक मोठंच म्हणायचं.

आता मूळ मुद्द्यावर येते, तो धूसरपणाचा. बाईंच्या पहिल्या कॅमेऱ्याची काच साधारण अकरा इंच बाय नऊ इंचांची होती, शाळेतल्या पाटीपेक्षा थोडी मोठीच. पुढे १८६५-६६ च्या सुमारास त्यांनी त्याहून मोठा कॅमेरा आणला. त्याची काच पंधरा इंच बाय बारा इंच, म्हणजे वर्तमानपत्राचं मोठं पान मधोमध दुमडल्यावर होतं त्याहून जरा मोठी. आपल्या कॅमेऱ्यात सेन्सर जे काम करतो, ते त्या काळी ही काच करत असे. आणि फोनमधला सेन्सर? करंगळीच्या नखाएवढा. लेकीनं मला दिलेल्या कॅमेऱ्यातला छत्तीस मिलिमीटर बाय चोवीस, एखाद्या मोठ्या पोस्टाच्या तिकिटाएवढा.

या आकारानं काय फरक पडतो, ते लेकीनं मला फोनवर समजावलं. मी माझ्या भाषेत सांगते.

समजा सासूबाईंच्या नाकातल्या चमकीचा खडा आहे. त्या एका ठिपक्यापासून निघालेला उजेड भिंगाच्या सगळ्या भोकातून आत येतो आणि मागे जाऊन पुन्हा एका ठिपक्यात मिळतो. आकार नरसाळ्याचा. रुंद तोंड भिंगापाशी, निमुळतं टोक मागे. सेन्सर बरोबर टोकावर असला की ठिपक्याचा ठिपकाच उमटतो, म्हणजे फोटो स्पष्ट. पण मागच्या टाकीकडून येणाऱ्या उजेडाच्या नरसाळ्याचं टोक सेन्सरच्या अलीकडेच पडतं. मग ठिपक्याऐवजी सेन्सरवर गोल चकती उमटते. अशा हजारो चकत्या एकमेकींत मिसळल्या की झाला धूसरपणा. आता नरसाळं रुंद तोंडाचं असेल तर चकती मोठी. अरुंद असेल तर चकती इतकी बारीक, की आपल्या डोळ्यांना ती ठिपकाच वाटते आणि मागचंही स्पष्ट दिसतं. फोटोत पुढून मागे जेवढ्या अंतरातलं असं स्पष्ट दिसतं, त्याला फोटोग्राफर डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात.

चाळिशीचा चष्मा लागलेल्या मैत्रिणींनी हे घरीच करून बघावं. जाड कागदाला सुईनं बारीक भोक पाडा, चष्मा काढा, भोक डोळ्याजवळ धरा आणि भरपूर उजेडात औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. चष्म्याशिवाय वाचता येतात! भोक लहान झालं, नरसाळं अरुंद झालं, एवढंच. दोरा ओवताना आपण डोळे बारीक करतो, त्यामागेही हेच.

मग सेन्सरच्या आकाराचा यात काय संबंध? तर असं. मोठ्या सेन्सरवर तेवढंच दृश्य भरायचं तर भिंगही लांब फोकसचं लागतं, आणि भिंग लांब झालं की त्याच प्रमाणात त्याचं भोकही मोठं होतं. फोनचं भिंग जेमतेम पाचेक मिलिमीटरचं, त्याचं भोक बाजरीच्या दाण्याएवढं. माझ्या कॅमेऱ्यावरचं भिंग पन्नास मिलिमीटरचं, पूर्ण उघडलं की भोक दहा रुपयांच्या नाण्याएवढं. आणि बाईंच्या मोठ्या कॅमेऱ्याचं भिंग होतं तीस इंचांच्या आसपास! तसलं भिंग त्याच्या लांबीच्या एक अष्टमांश उघडलं, तर भोक जवळपास पावणेचार इंचांचं होतं, आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढं. बाजरीचा दाणा कुठं आणि वाटी कुठं!

म्हणजे सेन्सर स्वतः काही धूसर करत नाही. धूसरपणा येतो तो मोठ्या सेन्सरपायी घ्याव्या लागणाऱ्या मोठ्या भिंगामुळे आणि त्याच्या मोठ्या भोकामुळे. माझ्या कॅमेऱ्यानं चार-पाच फुटांवरून भोक पूर्ण उघडून फोटो काढला, तर पुढून मागे फार तर दहा सेंटिमीटरचाच भाग नीट येतो. बाई तर चेहरा काचभर मावेल इतक्या जवळ जात. तिथं बोटा-दोन बोटांचंच अंतर नीट येत असणार. डोळे स्पष्ट, तर कान धूसर.

तुम्ही विचाराल, मग बाईंनी भोक लहान का केलं नाही? करता आलं असतं. पण भोकाची रुंदी निम्मी केली की उजेड पावपट होतो आणि वेळ चौपट लागतो. आधीच त्यांच्यासमोर माणसाला काही मिनिटं न हलता बसावं लागे. तीन मिनिटांची बारा झाली तर कोण पुतळा होऊन बसेल? आणि तोवर काच वाळणार! बरं, काच लहान घ्यावी, तर तेव्हा लहान फोटोवरून मोठा छापायची सोय सहजी नव्हती. काच कागदावर ठेवून उन्हात छापायची. जेवढी काच तेवढाच फोटो. बाईंना तर चेहरा मोठा हवा होता, जवळजवळ खऱ्याएवढा. म्हणजे एक हवं तर दुसरं सोडावं लागणार. सगळा चेहरा, सगळे कपडे, मागची भिंत, असं सगळंच स्पष्ट मिळणार नव्हतं.

त्यांच्या फोटोंतला सगळाच धूसरपणा काही या हिशेबातला नाही. बसलेला माणूस मिनिटभरात थोडाफार हलतोच, तेही त्यात उतरलंय. सुरुवातीचे धूसर फोटो चुकूनच तसे आले, हेही बाईंनी प्रांजळपणे सांगून टाकलंय. पण पुढचं ऐका. भिंग मागेपुढे करताना जिथं त्यांना सुंदर दिसे, तिथं त्या थांबत. बाकीचे फोटोग्राफर त्यापुढे अजून स्क्रू फिरवून चेहरा काटेकोर करत. बाई नाही करायच्या. चुकून सापडलेली गोष्ट त्यांनी जाणूनबुजून ठेवून घेतली.

आणि इथंच सगळं बिनसलं. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीनं १८६४ मध्ये त्यांना सभासद करून घेतलं खरं, पण फोटोंच्या नियतकालिकांतून टीकेची झोड उठली. बाईंना फोकस करता येत नाही, काचा नीट धुता येत नाहीत, छापलेल्या फोटोंवर ओरखडे आणि बोटांचे ठसे असतात, वगैरे वगैरे. यातल्या ओरखड्यांची गोष्ट खोटी नव्हती, हात खरंच घाईचा होता. पण फोकसबद्दल त्या मागे हटल्या नाहीत. खरा फोकस कोणता हे ठरवण्याचा अधिकार कुणी कुणाला दिला, असा त्यांचा हर्शेल यांना लिहिलेल्या पत्रातला रोख होता. चित्रकारांना मात्र फोटो आवडले. १८६५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ब्राँझपदक आणि पुढच्या वर्षी सुवर्णपदक मिळालं. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमनं १८६५ मध्ये त्यांचे फोटो घेतले आणि १८६८ मध्ये तिथल्या दोन खोल्या त्यांना स्टुडिओ म्हणून वापरायला दिल्या. हेच म्युझियम पुढे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम झालं.

बाई नुसत्या हौसेवर थांबल्या नाहीत, याचं मला फार कौतुक वाटतं. १८६४ पासून त्या आपल्या फोटोंची हक्कासाठी रीतसर नोंदणी करत होत्या. पाचशेहून अधिक फोटोंची नोंद आहे. लंडनच्या कोलनागी या चित्रांच्या दुकानातून विक्री होई. घरात पैशांची ओढ होतीच. काचा, रसायनं, कागद यांचा खर्च मात्र कमाईच्या पुढे पळत राहिला.

त्यांच्यासमोर टेनिसन बसले, कार्लाइल बसले, १८६८ मध्ये चार्ल्स डार्विन बसले. १८६७ मध्ये बाई कॅमेऱ्याचं बाडबिस्तर घेऊन हर्शेल यांच्या घरी गेल्या. त्यांचे पांढरे केस धुवून मोकळे सोडायला लावले असं सांगतात. त्या फोटोत कपडे नाहीत की खुर्ची नाही. काळ्या अंधारातून म्हाताऱ्याचे डोळे तेवढे आपल्याकडे बघतात.

पण मला जास्त आवडले ते घरातल्या बायकांचे फोटो. मेरी हिलियर ही त्यांची कामवाली, गावातलीच पोर. तिला त्यांनी कितीदा तरी येशूची आई मरियम म्हणून बसवलं. केर काढणारी, दार उघडणारी मुलगी. मागचं सगळं धूसर झाल्यावर उरतो तो फक्त चेहरा, आणि चेहऱ्यावर कामवाली असं कुठं लिहिलेलं असतं? मेरी रायन तर भीक मागणाऱ्या आयरिश बाईची मुलगी. बाईंनी तिला घरी आणून शिकवलं, कामाला ठेवलं, फोटोंत उभं केलं. लंडनच्या प्रदर्शनात हेन्री कॉटन नावाच्या तरुणानं तिचा फोटो पाहिला आणि १८६७ मध्ये तिच्याशी लग्न केलं. हे कॉटन इकडे बंगालात सनदी अधिकारी होते, हिंदी लोकांच्या बाजूनं बोलणारे म्हणून पुढे नावाजले. १९०४ मध्ये मुंबईत राष्ट्रीय काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याचे अध्यक्ष हेच सर हेन्री कॉटन. भिकारणीची मुलगी लेडी कॉटन झाली, ती एका फोटोपायी!

सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. सिलोनच्या कॉफीवर १८६९ पासून तांबेरा पडायला लागला आणि मळ्यांचं उत्पन्न ढासळलं. १८७३ मध्ये मुलगी बाळंतपणात गेली. जिनं कॅमेरा हातात दिला, तीच लेक. दहा वर्षांपूर्वी आईचा एकटेपणा जावा म्हणून तिनं ती पेटी दिली होती. त्यानंतर त्या पेटीसमोर उभं राहताना आईला काय वाटलं असेल? काम मात्र थांबलं नाही. दुसऱ्याच वर्षी त्यांनी टेनिसन यांच्या काव्यासाठी फोटोंची मालिका केली आणि आपल्या काचघराच्या आठवणी लिहायला घेतल्या. त्या अर्धवटच राहिल्या.

१८७५ मध्ये दोघं नवरा-बायको सिलोनला निघून गेले. मुलं तिथं मळ्यांवर होती, खर्च कमी होता आणि म्हाताऱ्या यजमानांचा जीव त्या बेटावर होता. सामानात स्वतःसाठी दोन शवपेट्याही नेल्या होत्या, असं सांगतात. तिथं बाईंनी फोटो काढले, पण थोडेच. मळ्यांवर राबणाऱ्या माणसांचे काही आहेत. २६ जानेवारी १८७९ ला त्या डिकोया खोऱ्यातल्या मुलाच्या मळ्यावर वारल्या. पुढच्या वर्षी यजमानही गेले. बोगवंतलावाच्या चर्चच्या आवारात दोघांच्या कबरी आहेत. कोलकात्यात जन्मलेली बाई शेवटी आपल्याच बाजूच्या मातीत विसावली.

सगळा हिशेब मांडला तर बाईंच्या हातात कॅमेरा होता जेमतेम पंधरा वर्षं, त्यातली भराची अकरा-बाराच. तीही आपण ज्याला उतारवय म्हणतो त्या वयात. १९२६ मध्ये त्यांच्या फोटोंचं पुस्तक निघालं. ते लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनी काढलं. ज्युलियाबाई त्यांच्या आईच्या मावशी.

आता आपल्या फोनमध्येही पोर्ट्रेट मोड असतो. मागचं धूसर करून देतो. पण तिथं फोन कुठं काय संपतं त्याचा अंदाज करतो आणि उरलेलं हिशेबानं पुसतो. मी सासूबाईंचा तसाही फोटो काढून पाहिला. एरवी बरा आला होता, पण फोननं त्यांच्या कानातली कुडी अर्धी पुसून टाकली. त्याला ती मागच्या टाकीतलीच काहीतरी वाटली असावी!

मग मी पुन्हा कॅमेरा घेतला. या वेळी सासूबाईंना थोडं वळून बसायला सांगितलं, म्हणजे डोळा आणि कुडी एकाच अंतरावर येतील. सगळं नीट यायला हवं हा हट्ट आपल्याला जन्मभराचा असतो. घर, पोळ्या, माणसं, सणवार, सगळंच सारखं स्वच्छ. त्या दुपारी मी पहिल्यांदा नुसतं ठरवलं, की मला हा एक डोळा हवा, ही कुडी हवी. बाकी काय धूसर व्हायचं ते होऊ दे.

तालुक्याच्या फोटोवाल्याकडून मोठा छापून आणला. छापण्याआधी त्यानं मागचं बॅकग्राउंड गेलंय असं मला दोनदा सांगितलं. मी म्हटलं, असू दे. सासूबाईंनी फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. टाकी कुठं, अंगण कुठं, काही विचारलं नाही. बोट ठेवलं ते कुडीवर. ती त्यांच्या आईची. आईचा एकही फोटो नाही, कुडी तेवढी आहे, असं त्या हळूच म्हणाल्या.

फोटो तसबीर करून वर ठेवायचा नाही, असं त्यांनी बजावलंय. त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून लावलाय, रोज लुगडं काढताना दिसेल असा.